पाळी वेळेवर येत नाही, आली की उठवत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण पंधरा ते पंचविशीतल्या मुलींचे आहेत. काही होस्टेलवर राहणाऱ्या, काही घरी आईपासून गोळ्यांची पाकिटं लपवणाऱ्या. म्हणून उत्तरंही 'तू' म्हणूनच दिली आहेत. मध्ये एक प्रश्न एका आईचा आहे, तेवढ्यापुरतं 'तुम्ही'. तपासल्याशिवाय कुणाचंही निदान होत नसतं, ते इथे होणार नाही. पण किती दुखणं सोसायचं नाही, गोळी कधी घ्यायची आणि डॉक्टरांपुढे काय मांडायचं, एवढं नक्की सांगता येतं.

पाळी अनियमित आहे असं कधी म्हणायचं? माझी कधीच त्याच तारखेला येत नाही.

त्याच तारखेला येणारी पाळी फार थोड्याजणींची असते. आधी मोजणी नीट करू. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथपासून पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. बऱ्याचजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि 'माझी तर बावीस दिवसांतच येते' म्हणून घाबरतात. रक्तस्रावाचे पाच दिवस त्यात मिळवले की तीच पाळी २७ दिवसांची निघते, म्हणजे अगदी व्यवस्थित.

पहिली पाळी आल्यानंतरचं पहिलं वर्ष कसंही गेलं तरी चालतं. दोन महिने गायब, मग पंधरा दिवसांत दोनदा, हे त्या वर्षात चालायचंच. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश अजून बसायचे असतात. दरमहा बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम भरपूर जातं. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येणारी पाळी ठीक समजतात. तीन वर्षं उलटल्यावर हे अंतर २१ ते ३५ दिवसांत यायला हवं आणि वर्षाला निदान आठ पाळ्या यायला हव्यात.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं असताना मध्येच सलग ९० दिवस पाळी आली नाही, तर तपासून घ्यायचं. आणि वयाची १५ वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळीच आली नसेल, तरीही. 'आमच्यात उशिराच येते' हे उत्तर तिथे चालत नाही.

नोंद ठेवायची म्हणजे काय लिहायचं?

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे आणि सिलेंडरची तारीख लिहितात, तसं. पहिल्या दिवशी गोल, शेवटच्या दिवशी फुली. शिवाय रोज किती पॅड लागले, दुखणं दहापैकी किती, गोळी किती वाजता घेतली, तिचा फरक पडला का आणि त्या दिवशी कॉलेज बुडलं का, एवढं लिहायचं. घरच्या कॅलेंडरवर नको वाटत असेल तर वहीच्या मागच्या पानावर. मोबाईलमधलं ॲप चालतं, पण तुझी ही माहिती ते कुणाला देतं ते वाचून घे. मी स्वतः वहीच्या बाजूची आहे.

अशी तीन महिन्यांची नोंद घेऊन गेलीस तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांत पंधरा मिनिटांचं काम होतं. 'कधीकधी लांबते, कधीकधी दुखतं' यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

पाळीत पोटात नेमकं काय दुखतं?

गर्भाशय हा एक स्नायू आहे. पाळी येण्याच्या सुमारास त्याच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे तो स्नायू आवळतो, त्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो आणि कळ येते. ही रसायनं थोडी रक्तातही उतरतात. म्हणून काहीजणींना त्याच दिवशी जुलाब, मळमळ, डोकेदुखी होते, कंबर आणि मांड्या भरून येतात. रसायनांचं प्रमाण पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. तिसऱ्या दिवशी हायसं वाटतं ते त्यामुळेच.

पाळी सुरू झाली तेव्हा दुखत नव्हतं, वर्ष-सहा महिन्यांनी दुखायला लागलं, असं अनेकजणी गोंधळून सांगतात. तेही यात बसतं. बीज नियमित सुटायला लागलं की दुखणं सुरू होतं.

मग 'पाळीत दुखतंच' हे खरं ना?

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने मुलींची वर्षंच्या वर्षं खाल्ली आहेत. पाळीत ओटीपोट जड होणं, पहिला दिवस कंटाळवाणा जाणं, एखादी गोळी लागणं हे नेहमीचं. पण दर महिन्याला वर्ग बुडतो, उलट्या होतात, घेरी येते, गोळी वेळेवर घेऊनही फरक पडत नाही, दुखणं दर वर्षी वाढतंय किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, यातलं काहीही असेल तर त्यामागे कारण शोधावं लागतं.

आई-मावशीनेही असंच सोसलं म्हणून ते नेहमीचं ठरत नाही. तसं घराण्यात असेल तर उलट तपासण्याचं एक कारण वाढतं, कारण एंडोमेट्रिओसिससारखा आजार (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, पुढे सविस्तर येईल) आई किंवा बहिणीला असेल तर आपल्यालाही असण्याची शक्यता जास्त असते.

दर महिन्याला दुखण्याची गोळी घेतली तर सवय लागते का? पुढे मूल व्हायला त्रास होतो का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. त्या झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्या नाहीत. महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्याने गर्भाशय कमजोर होत नाही आणि 'अंगात मुरत' तर काहीच नाही.

खरी गफलत वेळेत होते. मुली सकाळपासून सोसतात, दुपारी लोळायची वेळ आली की गोळी घेतात आणि 'मला गोळी लागूच पडत नाही' म्हणतात. तोपर्यंत रसायन तयार होऊन आपलं काम करून बसलेलं असतं. डाग दिसला, किंवा पोटात ओळखीची कळ सुरू झाली, की लगेच काहीतरी खाऊन गोळी घ्यायची. पाळी नियमित असेल तर डॉक्टर आदल्या दिवशीपासूनही सुरू करायला सांगतात. मग पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळेवर घ्यायची, कळ परत यायची वाट बघायची नाही. आयब्युप्रोफेन ४०० मिलीग्रॅम दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला १२०० मिलीग्रॅम, याच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

आता कुणी घेऊ नये ते. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, ॲस्पिरिनसारख्या गोळीने दमा उसळत असेल, गरोदर असण्याची शक्यता असेल तर नको. आणि एक गोष्ट आपल्याकडे पावसाळ्यात मुद्दाम लक्षात ठेवायची : अंगात ताप आहे, गावात डेंगीची साथ आहे आणि त्यातच पाळी आली, तर या गोळ्या अजिबात नाहीत. डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

उपाशीपोटी घेऊन ॲसिडिटी झाली की दोष गोळीला जातो. उपवासाच्या दिवशी पाळी आली तर केळं-दूध तरी पोटात जाऊ दे. चतुर्थी पुढच्या महिन्यातही येते.

मेफ्टाल स्पासबद्दल बातमी आली होती. ती गोळी बंद झाली का?

बंद झालेली नाही. तिच्यात दोन औषधं असतात : मेफेनॅमिक ॲसिड आणि पेटका सोडवणारं डायसायक्लोमिन. २०२३ च्या शेवटी औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला. त्याने क्वचित ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होते : अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं, यकृतासारख्या अवयवांना इजा. ती गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी उमटू शकते, त्यामुळे संबंध पटकन लक्षात येत नाही. ही ॲलर्जी फार थोड्यांना होते. पण गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत ताप आणि पुरळ एकत्र आले तर गोळी बंद करून डॉक्टरांना 'मी अमुक गोळी घेतली होती' हे आपणहून सांगायचं. मैत्रिणीच्या पर्समधली सुटी गोळी, जिचं नावही वाचलेलं नाही, ती घेण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

गोळीशिवाय काय उपयोगी पडतं? आजी ओवा खा म्हणते.

शेक. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर किंवा कमरेवर ठेवणं हा जुना उपाय तपासणीतही खरा उतरला आहे, काहीजणींना तो गोळीइतका उपयोगी पडतो. दोन्ही एकत्र केले तरी हरकत नाही. पिशवी नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलमध्ये गुंडाळायची. कातडी लाल-काळी पडेपर्यंत शेकायचं नाही.

आल्याच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे. ओवा, बाळंतशेपा, हिंग यांनी गॅस आणि पोट फुगणं कमी होतं. पाळीत आतडीही बिघडलेली असतात, त्यामुळे बरं वाटणं खोटं नाही. पण गर्भाशयाची कळ ओवा थांबवतो असं म्हणता येणार नाही. आजीचा ओवा घे, शेक घे, आणि गोळीची वेळ चुकवू नको.

आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास व्यायाम काही महिने टिकवला तर दुखणं कमी होतं. पाळीतच करायला हवा असं नाही, महिनाभर केला तर फायदा. पाळीत पोहणं, पळणं, केस धुणं, दही-लोणचं खाणं यातल्या कशानेही पाळी बिघडत नाही.

पाळी आणण्यासाठी पपई, तीळ-गूळ, बाजरी असा 'उष्ण' खुराक सुचवला जातो. पपईने पाळी येत नाही. यायचीच असते ती येते आणि नाव पपईचं होतं.

सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून आलंय. मी सतरा वर्षांची आहे. आता जन्मभर गोळ्या?

थांब जरा. पीसीओडी किंवा पीसीओएस, नावं दोन, त्रास एकच : संप्रेरकं (हार्मोन्स) बिघडून पाळी अनियमित होते. कोवळ्या वयात अंडाशयात अनेक छोटी पुटकुळ्यांसारखी बीजकोषं दिसणं नेहमीचं असतं. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. तुझ्या वयात दोन गोष्टी एकत्र हव्यात : वर सांगितलेल्या मापाने अनियमित पाळी, आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर, छातीवर जाड केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्ताच्या तपासणीत वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. नुसत्या रिपोर्टवरच्या चार अक्षरांनी कुणी आजारी होत नाही. 'गाठी आहेत' म्हणून ऑपरेशनची भाषा कुणी केली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

दोन्ही खुणा असतील तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं तपासून दुसरी कारणं बाजूला काढतात, साखर बघतात. मानेवर मळासारखा काळपट पट्टा दिसतो, घासून जात नाही, ती शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची खूण असू शकते. तीही दाखव.

औषध त्रास बघून ठरतं : पाळीसाठी संप्रेरकांच्या गोळ्या, साखरेसाठी मेटफॉर्मिन, केसांसाठी वेगळे उपाय. तीन महिन्यांहून जास्त पाळी न येऊ देणं मात्र बरं नाही. अस्तर साचत राहतं, म्हणून डॉक्टर मध्ये गोळ्या देऊन पाळी आणतात. पीसीओएस असलेल्या बहुतेकजणींना पुढे मूल होतं, काहींना औषधांची मदत लागते. हे वाक्य आईला वाचून दाखव.

सगळे म्हणतात वजन कमी कर. तेवढंच का?

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरल्यानेही अनेकींची पाळी मार्गावर येते. सत्तर किलोच्या मुलीला साडेतीन ते सात किलो, पंचवीस नाही. पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, आणि ज्या डॉक्टरांचं बोलणं 'वजन कमी कर, मग ये' इथेच संपतं त्यांनी दुखण्याबद्दल काहीच विचारलेलं नसतं. वजन आणि दुखणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुखण्याचंही उत्तर मागायचं.

पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पळणं, संध्याकाळी जिम. चार महिने पाळी नाही. मैदानावरच्या मुली म्हणतात असंच असतं.

असंच असतं म्हणून सोडायचं नाही. जेवढं खर्च होतंय तेवढं पोटात जात नसेल तर मेंदू सगळ्यात आधी पाळीचा खर्च बंद करतो. कबड्डी, कुस्ती, धावणं करणाऱ्या मुलींत आणि मेसचा एक डबा दोन वेळा पुरवून अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलींतही हे दिसतं. वजन झपाट्याने उतरणं, मोठा ताण, जागरणं यांनीही पाळी थांबते.

अशी पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी, आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडं ठिसूळ. मग नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते आणि भरतीच हातची जाते. इथे उपाय गोळी नाही, जेवण आहे. भाकरी वाढव, डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध वाढव, आठवड्यातला एक दिवस विश्रांती घे. तरी आधी तपासून घे, कारण चार महिने पाळी नसण्याची दुसरी कारणंही असतात.

रक्तस्राव जास्त आहे हे कसं ओळखायचं?

पॅड तासा-दोन तासांत भिजून बदलावं लागतं आणि हे सलग काही तास चालतं. दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात. रात्री उठून बदलावं लागतं. आठ दिवसांपेक्षा जास्त चालतं. यातलं काही होत असेल तर हिमोग्लोबिन बघायलाच हवं. नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे जिना चढून धाप लागणं आणि वर्गात डुलक्या येणं हा आळस असेलच असं नाही.

पहिल्या पाळीपासूनच असं भरभरून जात असेल, शिवाय नाकातून रक्त येतं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात, तर रक्त गोठण्याचा दोष असू शकतो. फॉन विलेब्रांड हा त्यातला एक. डॉक्टरांना हे सगळं एका दमात सांग.

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा आणि गोळी यात तास-दोन तासांचं अंतर ठेवायचं. शौच काळी होते, घाबरायचं नाही. शाळा-अंगणवाडीतून दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी हीच, लोह आणि फॉलिक ॲसिडची. आळिवाचे लाडू चांगलेच, पण हिमोग्लोबिन आठवर आलेलं असेल तर ते एकट्या लाडवांनी भरून निघत नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तरी मला उभं राहवत नाही. मी नाटक करतेय का?

नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर वाढतो. दर पाळीला तिथेही सूज येते. जगात प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना तो असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षं जातात, कारण छोटे डाग साध्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत. 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ 'या तपासणीत दिसलं नाही' एवढाच.

शंका कधी घ्यायची? पाळीच्या दोन-तीन दिवस आधीपासून दुखायला लागतं, पाळीत शौचाला किंवा लघवीला बसताना कळ येते, पाळी नसतानाही ओटीपोट ठणकतं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, तीन महिने नीट गोळ्या घेऊनही फरक नाही. अशा वेळी 'एंडोमेट्रिओसिस असू शकेल का?' हे शब्द डॉक्टरांसमोर स्पष्ट उच्चार. उपचार सुरू करायला दरवेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. लक्षणांवरून संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करता येतात.

डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. माझं लग्न झालेलं नाही. लोक काय म्हणतील?

पाकिटावर त्या गोळ्यांचं एक काम लिहिलेलं असतं, पण त्या करतात अनेक. बीज सुटणं थांबतं, अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी, रक्त कमी, दुखणं कमी, तारीख ठरलेली. गोळ्या बंद केल्यावर बीज पुन्हा सुटायला लागतं, वांझपण येत नाही. पहिले दोन-तीन महिने मळमळ किंवा मध्येच डाग दिसू शकतात.

ज्यांच्या पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती, घरात कुणाला तरुणपणी झाली होती, किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं, त्यांनी हे आधी सांगायलाच हवं. त्यांना वेगळी गोळी देतात. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते, पण तिथूनही डॉक्टरांना दाखवूनच सुरू कर. लोकांचं म्हणशील, तर लोकांना पाकीट दाखवायची गरज नाही.

गौरी-गणपतीत पाळी येणार. पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

दर वर्षी श्रावण लागला की औषधाच्या दुकानांत हीच मागणी. गोळी बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉनची असते. पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी आधीच अनियमित असेल तर सुरू कधी करायची हेच कळत नाही आणि ऐन नैवेद्याच्या वेळी डाग दिसतात. गरोदर नाही ना हे बघावं लागतं. रक्ताची गाठ होण्याचा धोका असणाऱ्यांना ती चालत नाही. लग्नाच्या, परीक्षेच्या वेळी डॉक्टरांना विचारून एखादवेळ घेतली तर बिघडत नाही. पण गणपती, नवरात्र, सत्यनारायण, मग चुलतभावाचं लग्न असं वर्षातून पाचवेळा, तेही कुणी न तपासता, हे मला पटत नाही. गौरीला यात काही अडचण वाटत असेल असंही नाही. पण घरातल्या मोठ्यांशी तो वाद घालायचा की नाही, हे तुझं तू ठरव.

आयपिल घेतली होती. आता पाळी लांबली.

संबंधानंतर तातडीने घ्यायच्या त्या गर्भनिरोधक गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते, मध्ये डागही दिसतात. आठवडा उलटला तरी आली नाही तर गरोदरपणाची लघवीची तपासणी कर, पट्टी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली तपासणी भरवशाची. महिन्यातून दोन-तीनदा ही गोळी लागत असेल तर नेहमीचं साधन निवड, कारण अनियमित पाळीचं कारणच ती होऊन बसते.

तपासणी होकारार्थी आली तर ताबडतोब डॉक्टरांकडे. गर्भपात कायद्यात लग्न झालेली आणि न झालेली असा फरक करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. वय १८ च्या आत असेल तर पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण त्याच निकालानुसार मुलीने आणि तिच्या पालकांनी सांगितलं तर तिचं नाव आणि ओळख त्यात देण्याची गरज नाही. त्या भीतीने दिवस घालवू नको.

स्त्रीरोगतज्ज्ञ आतून तपासतील का?

संबंध आलेले नसतील तर सहसा नाही. पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसावं लागतं, तेवढाच त्रास. आतून तपासण्याची गरज वाटली तर आधी विचारलं पाहिजे आणि 'आज नको' म्हणायचा तुला हक्क आहे. संबंध आलेत का हा प्रश्न मात्र येतो. खरं सांग, त्यावर तपासण्या ठरतात. आई शेजारी बसली असेल तर 'मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय' म्हणायचं. चांगल्या डॉक्टर स्वतःच आईला बाहेर बसायला सांगतात.

खासगीत जाणं परवडत नसेल तर जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात केस पेपर काढ. तिथे किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे का ते विचार. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात आणि तिथे समुपदेशक असतात.

(एका आईचा प्रश्न) लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल ना? आमचंही तसंच होतं.

काहीजणींचं बाळंतपणानंतर कमी होतं, सगळ्यांचं नाही. एंडोमेट्रिओसिस असेल तर मूल व्हायलाच उशीर होऊ शकतो. म्हणजे जे औषध म्हणून सांगितलं जातं, तेच आजारामुळे अवघड होतं. दुखणाऱ्या मुलीचं दुखणं आधी बघा, स्थळं नंतर बघता येतील. आणि तिला घेऊन जाताना शेजारणीला 'पित्त झालंय' सांगितलंत तरी चालेल, पण डॉक्टरांना पाळीचंच सांगा.

सारखा त्रास आहे तर गर्भपिशवीच काढून टाकली तर?

विशीत हा प्रश्न विनोद म्हणून विचारला जातो, पण आपल्याकडे तो विनोद नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तरुण वयात गर्भपिशवी काढून येतात, हे २०१९ मध्ये गाजलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. गर्भाशय काढताना अंडाशयंही काढली तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती सुरू होते : हाडं झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. साध्या पाळीच्या दुखण्यावर, पांढरं जाण्यावर हा उपाय नाही. तुझ्या गावाकडच्या काकी-वहिनीला कुणी सुचवला असेल, तर पैसे भरण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायला तिला सोबत घेऊन जा.

रात्री-बेरात्री लगेच दवाखाना गाठायचा तो कधी?

एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या, कारण अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पाळी चुकलेली असताना पोटात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्यात कळ येतेय, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. दर तासाला पॅड भिजतंय आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ओटीपोटात दुखणं, सोबत ताप आणि घाण वासाचा स्राव. यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा-टॅक्सी न मिळाल्यास १०८ ला फोन करायचा.

परीक्षा, प्रॅक्टिकल, नोकरी यांचं काय? सुट्टी मागता येते?

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. केरळच्या विद्यापीठांनी २०२३ मध्ये मुलींना हजेरीत सूट दिली. कर्नाटकाने २०२५ मध्ये वर्षाला बारा दिवसांची भरपगारी रजा मंजूर केली. तुझ्या कॉलेजात असं काही नसेल तर डॉक्टरांकडून आजाराचं नाव लिहिलेलं पत्र घेऊन ठेव. 'पोट दुखतंय' पेक्षा ते हजेरीच्या वेळी कामाला येतं.

रूममेट कळवळतेय. मी काय करू?

गरम पाणी कर, काहीतरी खायला दे, मग तिची नेहमीची गोळी. कुठली ॲलर्जी आहे का ते विचार. 'एवढं काय' म्हणू नको. घड्याळ बघून गोळीची वेळ लिहून ठेव, दोन तासांत काहीच फरक पडला नाही किंवा वर लिहिलेल्यांपैकी काही दिसलं तर वॉर्डनला उठव. वॉर्डन बाई कुरकुरतील. कुरकुरू दे.